मिस्त्रीमामा, तुमच्या सरकत्या पाटासाठी

मिस्त्रीमामांना साष्टांग नमस्कार,

मोबाईलवरचं लांबलचक वाचायला तुम्हाला आवडत नाही, म्हणून हे तुमच्या मुलाला वाचून दाखवायला सांगणार आहे. तरी चारचौघांत लिहितेय, कारण स्वस्तातली टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणारी करवत, घेऊन अडलेली मी एकटी नाही. तीन रविवार तुम्ही मला जे शिकवलंत, ते त्यांच्यापर्यंतही पोचावं.

एप्रिलमध्ये तुमच्या दुकानात आले तेव्हा पिशवीत बारा ठोकळे होते. आमच्या बालवाडीसाठी कडुलिंबाचे दोनशे ठोकळे करायचे होते, प्रत्येक ६० मिलिमीटर लांब. माझे एकावर एक रचले की चौथ्यालाच मनोरा कलायचा. मशीनबरोबर आलेली कोनाची पट्टी (लाकूड ठरल्या कोनात धरून पुढे सरकवायची) टेबलावरच्या खाचेत खडखडत होती, म्हणून मी तुकडा फेन्सलाही, म्हणजे पात्याच्या बाजूला समांतर असलेल्या आडोशालाही, टेकवून कापत होते. आदल्याच दिवशी असा एक तुकडा पातं आणि फेन्समध्ये अडकून माझ्या कानाजवळून उडाला होता. हे सांगितलं तसे तुम्ही ठोकळे खाली ठेवलेत. "फेन्स आणि कोनाची पट्टी एकदम लावायची नाही. कधीच नाही." तुमचा आवाज इतका चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. बरं केलंत मामा, ते वाक्य मशीन सुरू करताना रोज आठवतं.

पुढच्या रविवारी तुम्ही घरी आलात. मला वाटलं, आल्या आल्या प्लाय कापाल. तुम्ही आधी प्लग काढलात, पातं पूर्ण वर घेतलंत, एका दाताला खडूची खूण केलीत आणि खाचेपासून त्या दाताचं अंतर मोजलंत. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेलात आणि पुन्हा मोजलंत. तोच दात का, तर पात्याला जरा बाक असला तरी तो मापात येत नाही. पुढच्या आणि मागच्या मापात जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक निघाला. टेबलाखालचे बोल्ट सैल करून, लाकडाचा ठोकळा लावून हळूहळू ठोकत तुम्ही पातं खाचेला समांतर आणलंत. सगळी सकाळ त्यातच गेली. माझी चुळबुळ तुम्हाला दिसत होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. पातं तिरकं राहिलं असतं तर कितीही चांगला पाट केला तरी लाकूड जळतच राहिलं असतं, हे मला नंतर पटलं.

पाट म्हणजे बाकीचे लोक ज्याला स्लेड म्हणतात तो. खाली १२ मिलिमीटरचा प्लाय, त्याच्या पोटाशी खाचांत धावणाऱ्या दोन पट्ट्या, वर पुढे-मागे दोन आडव्या फळ्या. लाकूड पाटावर ठेवायचं आणि पाटासकट पात्यातून न्यायचं. माझ्या मशीनची खाच साडेपंधरा मिलिमीटरची, तर तयार मिळणाऱ्या पट्ट्या बहुतेक १९ च्या. तुम्ही जुन्या हातमागाच्या सागाची एक लाट, म्हणजे जाड दांडा, आणलीत. तुम्ही कितीतरी वर्षं मागाचं लाकूडकाम केलंत, ते त्या दिवशी मला दिसलं. रंध्याचा एक हात मारायचा, पट्टी खाचेत घालून बघायची, पुन्हा एक हात. "धोट्यासारखी धावली पाहिजे, पण डुलता कामा नये," म्हणालात. धोटा म्हणजे मागात आडवा धागा घेऊन धावतो तो. शेवटी मेणबत्ती घासलीत आणि पट्टी एका बोटाने सरकली.

खरा कस लागला तो माझ्या बाजूच्या फळीचा, कारण काटकोन तिच्यावरच ठरतो. तिचं एक टोक तुम्ही एकाच स्क्रूने धरलंत आणि दुसरं क्लॅम्पने. काटकोन तपासायचा गुण्या लावून झाल्यावरही तुमचं समाधान होईना. ४०० मिलिमीटरचा चौकोनी प्लाय घेऊन चारही बाजू ओळीने कापायला लावल्यात, प्रत्येक वेळी नुकती कापलेली कड फळीला टेकवून. मग पहिलीच बाजू पाचव्यांदा कापून एक पट्टी काढलीत. फळीची चूक त्या पट्टीत चौपट होऊन उतरते, म्हणून डोळ्याला न दिसणारंही मोजता येतं. पट्टी ३८० लांब, एका टोकाला १२.८ जाड, दुसऱ्याला ११.२. फरक १.६, भागिले चार, म्हणजे ३८० मिलिमीटरमागे ०.४ ची चूक. स्क्रूपासून क्लॅम्पपर्यंत ५७०, तेव्हा ते टोक ०.६ ने हलवायचं. गॅरेजवाल्याकडून आणलेल्या फिलर गेजच्या, म्हणजे बारीक फट मोजायच्या, पातळ पात्या मधे घालून तुम्ही बरोबर तेवढंच हलवलंत. दुसऱ्या खेपेला फरक ०.१ वर आला, तेव्हा कुठे उरलेले स्क्रू बसले.

पातं जिथे फळीतून बाहेर येतं तिथे तुम्ही जाड ठोकळा चिकटवून त्याला लाल रंग दिलात, अंगठा तिथे जाऊ नये म्हणून. सगळे ठोकळे एकाच लांबीचे कापायला लाकडाचं टोक ज्याला टेकवतात त्या मापाच्या अडसराची खालची कड तासून दिलीत, नाहीतर भुसा साचून ठोकळे आखूड होत जातात. दोन्ही गोष्टी मी मागितल्या नव्हत्या, मला सुचल्याही नसत्या.

दोनशे ठोकळे जूनमध्ये बालवाडीत पोचले. पोरं सोळा-सोळाचे मनोरे रचतात आणि पडले की ओरडतात.

मे महिन्याच्या उन्हात पट्ट्या बसवताना तुम्ही बजावलं होतंत, पावसाळ्यात लाकूड फुगेल, घाबरू नको. ऑगस्टमध्ये पाट खरंच अडकला. रंध्याचे दोन पातळ ढलपे काढले, मेणबत्ती घासली, सुटला.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, ते मला अजून लागून राहिलंय. तुमच्या नातीसाठी चाळीस ठोकळे घासून, कडा मारून ठेवलेत. रविवारी घेऊन येते. चहा मात्र या वेळी तुमच्याकडे.

तुमची,
बालवाडीवाली