बिलावर माझं नाव लिहायला सांगणाऱ्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. एक तर तुम्हाला ते आवडणार नाही, आणि लिहिलंच तर अर्धा हिंगणघाट तालुका उद्या नागपूरच्या सीताबर्डीतल्या तुमच्या कॉम्प्युटर दुकानाच्या त्या अरुंद जिन्यावर येऊन उभा राहील. लग्नसराई आटोपली, हाताला जरा उसंत मिळाली आणि लक्षात आलं की या सगळ्या धबडग्यात तुम्ही जोडून दिलेलं मशीन एकदाही अडलं नाही. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही "अरे ताई, त्यात काय!" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहिते.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी गावात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, जून लागला की पोरांच्या अ‍ॅडमिशनचे फॉर्म. आधीचा कॉम्प्युटर बचत गटाचं कर्ज काढून एका दुकानातून घेतला होता. "आय सेव्हन आहे, दहा वर्षं पाहायचं काम नाही," असं सांगून त्यानं तो दिला. आय सेव्हन, म्हणजे इंटेलचा प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू म्हणा, तो होताच, खोटं नाही बोलला बिचारा. फक्त तिसऱ्या पिढीचा होता, २०१२ सालातला, कुठल्या तरी ऑफिसच्या भंगारातून काढून कोऱ्या खोक्यातल्या चकचकीत मदरबोर्डावर बसवलेला. वरून निळ्या दिव्यांचा पंखा. डिझाइनच्या कोरलड्रॉमध्ये मोठा फ्लेक्स उघडायला टाकला की मी आत जाऊन चहा ठेवून यायची. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते हे कळलं. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "त्याला आम्ही काय करणार?" पक्कं बिल तर त्यानं दिलंच नव्हतं. एक चिठ्ठी दिली होती, तिच्यावर नावाच्या जागी नुसतं 'पार्टी' लिहिलेलं. गटाच्या बैठकीत ती चिठ्ठी रजिस्टरला चिकटवताना बायकांकडे मान वर करून पाहवलं नाही.

आणि तो करंट! कॅबिनेटला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या पेटीला, हात लागला की झिणझिण्या. त्यावर त्यांच्या कारागिराचा इलाज काय, तर "पायात चप्पल घालून बसत जा." कितीतरी महिने मी चप्पल घालून लोकांच्या पत्रिकेवर 'श्री गणेशाय नमः' टाइप केलं.

तुमच्याकडे येण्याआधी नागपुरातच आणखी दुकानं हिंडलो होतो. सगळीकडे एकच तऱ्हा. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर माझ्या दिरांना मिळायचं. दीर माणूस सोन्यासारखा, पऱ्हाटीवरची बोंडअळी बांधावरून ओळखतील, पण मोबाइलमध्ये अलार्म लावायला पुतणीला हाक मारतात. त्यांना दुकानदार विचारायचे, "सर, ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं देऊ?" दीर माझ्याकडे पाहायचे. मी बोलायची. दुकानदार पुन्हा दिरांकडे वळायचा. आम्ही खाली उतरायचो.

तुम्ही स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि भाव सांगायच्या आधी विचारलं, "ताई, तुम्ही काय काम करून राहिल्या त्यावर? सगळ्यात मोठी फाइल कोणती, ते सांगा पहिले." माझ्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. तुम्ही तो तुमच्या मशीनला लावला, आमदारसाहेबांच्या वाढदिवसाचा माझा फ्लेक्स उघडला आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, किती खाल्ली जाते ते मलाच वाचायला लावलं. मग म्हणालात, "ग्राफिक्स कार्ड नाही लागत तुम्हाला. तो पैसा रॅममध्ये, एसएसडीत अन् एसएमपीएसमध्ये टाका." एसएसडी म्हणजे फाइली साठवायची डिस्क, एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. ज्या दुकानदारानं मला महागडी वस्तू 'नाही लागत' असं सांगितलं, असा माझ्या आयुष्यातला पहिला दुकानदार तुम्ही.

तुम्ही दिलेला रायझन ५ ५६००जी प्रोसेसर हाही काही ताजा माल नाही. २०२१ चा आहे. पण ते मला तुमच्याच तोंडून कळलं, पैसे द्यायच्या आधी. त्याचं एएम फोर सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा, २०१६ पासूनचं, नवं एएम फाइव्ह आलेलं आहे, पण त्याला डीडीआर ५ रॅम लागते आणि एआयच्या डेटा सेंटरांपायी रॅमचे भाव असे चढले आहेत की ते माझ्या खिशाला आज परवडणार नाही, हेही तुम्हीच सांगितलं. जुनं जुनं म्हणून विकता येतं, गिऱ्हाईक पळून जात नाही, हे त्या चिठ्ठीवाल्याला कुणीतरी सांगायला हवं. रॅमसुद्धा सोळाची एक पट्टी न देता आठ-आठच्या दोन दिल्या, कारण प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. बोर्ड मात्र रॅमच्या चार खाचांचा घ्यायला लावला, पुढच्या सोयीसाठी.

एसएमपीएसचं तर लोकांना सांगायलाच पाहिजे. माझ्या जुन्या मशीनमधला तुम्ही काढलात आणि माझ्या एका तळहातावर ठेवला. दुसऱ्या हातावर नवा. जुन्यावर स्टिकर ४५० वॅटचं, नव्यावरही ४५०. पण जुना हातात घेतला तर वाटावं की आत काही आहे की नाही! वायरी सुतळीसारख्या बारीक. "स्टिकर कोणीबी छापते ताई," तुम्ही म्हणालात, "तांबं अन् लोखंड छापता येत नाही." नव्यावर ८० प्लसची खूण होती, म्हणजे भिंतीतून ओढलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के मशीनला पोचणार, उरलेलीच काय ती एसएमपीएसमध्ये वाया जाऊन उष्णता होणार. मे महिन्यात आमच्या खोलीत रात्रीसुद्धा पत्रा तापलेला असतो, तिथे ती उष्णता थोडकी असणं किती मोलाचं हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. जवळच जिनिंग आहे म्हटल्यावर कॅबिनेटही पुढून काचेचं न देता जाळीचं दिलं, धुऊन परत लावता येणारी गाळणी असलेलं. पहिल्याच महिन्यात त्या गाळणीवर कापसाच्या तंतूंची गोधडी बसली होती.

झिणझिण्यांचं ऐकून तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, "तिसऱ्या पिनेला वायर जोडलेली आहे का मागून, का नुसतंच भोक आहे?" नुसतंच भोक होतं. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतोच, त्याला जमिनीत जायला वाट लागते, आणि ती नसली की तो तुमच्या हाताची वाट धरतो. एवढंच. गावातल्या वायरमनकडून मीठ-कोळशाचा खड्डा करून अर्थिंग घेतलं. झिणझिण्या गेल्या, चप्पल दाराबाहेर गेली.

जोडणीचं सांगत बसत नाही. प्रोसेसर मात्र तुम्ही मला बसवायला लावला. खाली १३३१ पिना, एक वाकली तर खेळ खलास, आणि तुम्ही म्हणता, "दाबू नका, नुसता ठेवा, तो आपोआप बसते." बसला.

पण भाऊ, हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ती गोष्ट यातली कोणतीच नाही. ती गोष्ट बिलाची.

काउंटरवरच्या पोरानं पेन उघडून दिरांना विचारलं, "बिल कोणाच्या नावानं?" दीर सवयीनं आपलं नाव सांगू लागले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्याकडे असंच असतं. घर सासऱ्यांच्या नावावर, सातबारा दोघा भावांच्या, मोटारसायकल नवऱ्याच्या, माझ्या माहेरून आलेल्या मिक्सरच्या बिलावरसुद्धा माझ्या वडिलांचं नाव. मीही गप्पच होते. तुम्ही कॅबिनेटमध्ये डोकं घालून स्क्रू आवळत होता. डोकं बाहेर न काढताच म्हणालात, "काहून? मशीन ताई वापरणार, वॉरंटीले फोन ताई करणार. ताईचं पूर्ण नाव लिही. अन् विचारून लिही, चुकवू नको." पोरानं मला नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं खाली एकेका पार्टचा सीरियल नंबर लिहिला, शिक्का मारला आणि बिल माझ्या हातात दिलं. तुम्ही तोवर यूपीएसकडे वळला होता आणि दिरांना सांगत होता की ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० समजायचे.

तुम्हाला आज विचारलं तर आठवणारही नाही. माझं मात्र तसं नाही. जाम गावापर्यंत एसटीत मी ते बिल दोनदा पर्समधून काढून वाचलं, भरलेल्या गाडीत, उभ्यानं. गटाच्या बैठकीत या वेळी ते चिकटवायला दिलं नाही, झेरॉक्स दिली. अध्यक्षबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं, माझ्या नावासकट.

आमच्या भागात गिऱ्हाइकाला काय कळतं या एका भरवशावर अख्खे बाजार चालतात. कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून "ओल आहे" म्हणत भाव पाडणारे आम्ही वर्षानुवर्षं पाहिलेत. त्याच बाजारात सुट्टे नाहीत म्हणून तिकिटाच्या मागे बाकी लिहून देणारा आणि उतरताना स्वतःहून हाक मारून ती परत करणारा कंडक्टरही भेटतो, कृषी केंद्रात "या फवारणीची गरज नाही, आठवडाभर थांबा" सांगणारा एखादा म्हातारा भेटतो. असल्या माणसांचा कुणी सत्कार करत नाही, आणि फ्लेक्स तर कुणीच लावत नाही. मी लावला असता, माझ्या घरचंच काम आहे, पण तुम्ही तो फाडायला हिंगणघाटपर्यंत याल.

तर आता कामाचं. बोर्डावरच्या दोन खाचा अजून रिकाम्या आहेत. रॅमचे भाव उतरले की एक फोन करा, नाही उतरले तरी करा. गटातल्या शिवणकामवाल्या ताईंनाही पॅटर्न काढायला मशीन हवंय, त्यांना घेऊन पोळ्यानंतर येते. त्यांचे मिस्टर सोबत असतील, तेवढं सांभाळून घ्या. येताना वायगावची हळद आणणार आहे, घरी दळलेली. तिचं बिल मागायचं नाही.

तुमची,
हिंगणघाटकडची डीटीपीवाली ताई