चिमीने सही करण्याआधी

हॅरो, लंडन

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि चिमीने पाठवलेला कराराचा मसुदाही, म्हणजे तिचे ट्रॅक घेऊ पाहणाऱ्या संगीत लायब्ररीचा. (लायब्ररी म्हणजे आधीच करून ठेवलेलं संगीत टीव्हीवाल्यांना वापरायला देणारी कंपनी.) आधी मसुद्याचंच लिहिते, कारण तिला त्यांनी आठवड्याची मुदत दिली आहे. तिने त्यावर सही करू नये. वहिनींनाही हे सांग, कारण एकरकमी पैसे समोर दिसले की मुलीला आवरणं अवघड जाईल, आणि रक्कम तिच्या वयाला मोठी वाटण्यासारखीच आहे.

तू विचारलंस, कुणी मागितलेलं नसताना संगीत करून ठेवायचं आणि टीव्हीवाले ते कधीतरी उचलतील म्हणून बसायचं, याला धंदा म्हणायचं का? दादा, हा इथला शंभर वर्षांहून जुना धंदा आहे. मूकपट चालायचे तेव्हा थिएटरातल्या वादकांना प्रसंगानुसार वाजवायला छापील संगीत लागायचं. ते पुरवण्यासाठी मेयर द वुल्फ नावाच्या डच संगीतकाराने १९०९ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली, ती आजही चालू आहे. बीबीसीवर १९७२ पासून ‘मास्टरमाइंड’ नावाची प्रश्नमंजुषा लागते. तिचं छातीत धडकी भरवणारं शीर्षकसंगीत इथे कुणालाही गुणगुणता येतं. ते नील रिचर्डसन यांनी केपीएम या लायब्ररीसाठी केलं होतं. कार्यक्रमवाल्यांनी ते तयार संगीतातून निवडलं. स्वयंपाकाचे, घरदुरुस्तीचे, प्रवासाचे, गुन्हेतपासाचे कार्यक्रम घे. त्यांना दर भागासाठी वेगळा संगीतकार परवडत नाही. एडिटर लायब्ररीत शोधतो, ऐकतो, लावतो. मी त्या शोधात सापडेल असं संगीत करते. शिकवण्या धरून माझं घर त्यावर चालतं.

आता पैशाचं. ट्रॅक टीव्हीवर वाजला की दोन हक्कांचे पैसे होतात. एक, तो कार्यक्रमाला जोडण्याचे आणि त्याची प्रत काढण्याचे. हे इथे एमसीपीएस या वसुली करणाऱ्या संस्थेमार्फत लायब्ररीकडे येतात आणि करारात ठरल्याप्रमाणे संगीतकाराला वाटा मिळतो. दोन, प्रसारणाचे, हे पीआरएस ही संगीतकार आणि पब्लिशरांची संस्था गोळा करते. प्रसारणाच्या पैशात साधारण रीत अशी की निम्मे पब्लिशरचे, म्हणजे लायब्ररीचे, आणि निम्मे संगीतकाराचे. हा संगीतकाराचा निम्मा वाटा थेट आपल्या नावावर जमा होतो, लायब्ररीच्या हातातून जात नाही. चिमीच्या मसुद्यात नेमका तोच लिहून मागितला आहे. आठव्या कलमात बघ: सर्व हक्क, जगभर, कायमचे, ‘लेखकाच्या वाट्यासह’. लेखक म्हणजे इथे संगीतकारच. त्या शब्दांवर माझं बोट थांबलं आणि खरंच संताप आला. ट्रॅक पुढची वीस वर्षं कुठल्या कुठल्या देशांत वाजत राहील आणि पोरीच्या हाती एकदाच मिळालेली रक्कम.

आपल्याकडे कायदा या बाबतीत चांगला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, सिनेमागृहातलं प्रदर्शन सोडलं तर, चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या संगीताच्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराला सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत तळमळीने बोलले होते. पण चिमीच्या करारावर परदेशातला कायदा लागू होईल असं लिहिलं आहे, तेव्हा भांडायला तिकडे जावं लागू शकतं. त्यापेक्षा सही न करणं सोपं. आणि तिने आधी मुंबईच्या आयपीआरएसचं, म्हणजे आपल्याकडच्या पीआरएससारख्या संस्थेचं, सदस्यत्व घ्यावं. ही संस्था १९६९ पासूनची आहे आणि पीआरएसशी तिचे परस्पर करार आहेत. सदस्य झाल्याशिवाय तिचं नाव कुठेच नोंदलेलं नसणार, मग पैसे गोळा झाले तरी पोचणार कुणाला?

या नोंदीचं सगळं मूळ क्यू शीटमध्ये आहे. कार्यक्रम पुरा झाला की निर्माते एक तक्ता भरतात: ट्रॅकचं नाव, संगीतकार, पब्लिशर, किती सेकंद वाजला, शीर्षकाला की पार्श्वभूमीला. एका घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात ओल आलेल्या भिंतीवरून कॅमेरा फिरतो, तिथे माझा पेटीचा एक तुकडा वाजला. तक्त्यात एक ओळ, ०:२२, शेजारी माझं नाव. पडद्यावर ते नाव येत नाही. तुला हे खटकेल, ठाऊक आहे मला. पण पीआरएसचे पैसे त्या ओळीवरूनच येतात, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबर अशा चार वाटपांत, आणि परदेशातलं प्रसारण असेल तर वर्ष किंवा त्याहूनही उशिरा. म्हणून चिमीला म्हणावं, पुण्यातल्या शिकवण्या सोडू नकोस.

लायब्ररीकडे जायचं कसं, हे ती मला रोज विचारते. तिचा ईमेल वाचला. पानभर मजकूर आणि सगळ्या रचना जोडलेल्या. असं पाठवू नये. इथे निवड करणाऱ्या माणसाच्या ईमेलपेटीत रोज ढीग पडतो. एमसीपीएसच्या सदस्य लायब्ऱ्यांची यादी जाहीर असते. त्यातून मोजक्या निवडाव्यात, त्यांचे अल्बम बसून ऐकावेत, त्यांच्याकडे काय नाही ते हेरावं. मग चार-पाच ओळींचं पत्र, तीन-चार ट्रॅक, क्लिक केल्यावर लगेच वाजेल अशी लिंक. लायब्ऱ्या सुटे ट्रॅक क्वचित घेतात, त्या अल्बमच्या कल्पनेने काम करतात. ‘माझ्याकडे चांगलं संगीत आहे’ यापेक्षा ‘फक्त चामड्याच्या वाद्यांवर, तणावाच्या दृश्यांसाठी दहा ट्रॅकचा अल्बम करता येईल, त्यातले तीन सोबत आहेत’ हे वाक्य त्यांना कळतं. उत्तर नाही आलं तर काही आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करावी. आणि संगीत घेण्यासाठी जी कंपनी संगीतकाराकडूनच पैसे मागते, तिला उत्तरसुद्धा देऊ नये.

भारतीय संगीत म्हणून इथल्या लायब्ऱ्यांत काय भरलंय ते ऐकून जीव तुटतो. सतारीचा एक मींडेचा तुकडा, तबल्याचा तयार लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा), वर झगमगाट, आणि नाव दिलेलं ‘बॉलीवूड’. हलगी मी जवळजवळ ऐकलीच नाही. संबळ नाही, तुणतुणं नाही, चौंडकं नाही. चिमी मिरजेत वाढली, उरुसाच्या रात्री दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफली तिने तुझ्या मांडीवर बसून ऐकल्या. गावच्या जत्रेतली हलगी तिला आतून माहीत आहे. लंडनमधल्या स्टुडिओत बसलेल्या माणसाला ते कुठून मिळणार? वाद्य खरं, वादक खरा, ध्वनिमुद्रण स्वच्छ. वादकाला मानधन द्यायचं आणि त्याच्याकडून संमतीचा कागद त्याच दिवशी घ्यायचा. बंदिश कुणाची उचलायची नाही. राग कुणाच्या मालकीचा नसतो, बंदिश असू शकते. विकत घेतलेले लूप टाळावेत, कारण तोच लूप आणखी शंभर जणांनी वापरलेला असतो आणि मग यूट्यूबवर हक्काचे दावे उभे राहतात.

आता तुझ्या आवडीचा भाग. तिला वाटतं, टीव्हीसाठी करायचं म्हणजे शिकलेलं विसरायचं. उलट आहे. एडिटरला ट्रॅक मधेच कापून पुढे जोडायचा असतो, तेव्हा त्याला स्वच्छ जागा लागते. आपली सम, तालाची पहिली मात्रा, हीच ती जागा. दर आठ आवर्तनांनी समेवर एक थर वाढवला की तो डोळे मिटून कापू शकतो. इथे शेवट हळूहळू विरणारा चालत नाही, ठाम लागतो, कारण दृश्य तिथेच तुटतं. तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, ऐकवली की एडिटर खूश होतात, असा माझा अनुभव आहे. तिसरा ‘धा’ पडतो आणि दृश्य बदलतं. आलापाचं मात्र जमवावं लागतं. भाव पहिल्या दोन-तीन सेकंदांत उमटला पाहिजे आणि मधेच बदलता कामा नये. निवेदकाच्या आवाजाला मधल्या पट्टीत मोकळी जागा ठेवायची, तिथे पेटीचे सूर भरायचे नाहीत. साथीला बसताना गवय्याच्या आवाजावर चढायचं नाही, असं तू मला लहानपणी बजावायचास, तेच हे.

बाकी द्यायचं ते ठरलेलं: पूर्ण मिक्स, सुरावटीशिवायचं मिक्स, नुसता ताल, साठ आणि तीस सेकंदांच्या आवृत्त्या, शेवटचा छोटा ठोका, वाद्यांचे स्टेम्स, म्हणजे वाद्यांची सुटी ध्वनिमुद्रणं. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ट्रॅकला ‘राग भूप’ असं नाव देऊ नये, एडिटर तसं शोधत नाही. तो ‘पहाट’, ‘बाजार’, ‘आशा’, ‘धावपळ’ असे शब्द इंग्रजीत टाकतो. वर्णनात तेही घालावेत आणि वाद्याचं खरं नावही घालावं, म्हणजे हलगी शोधणाऱ्याला हलगीच मिळेल.

नव्या करारात तिने एवढं बघावं: संगीतकाराचा निम्मा वाटा तिच्याकडे राहतो का, मुदत किती, ट्रॅक वापरला गेला नाही तर परत मिळतो का, आणि संगणकाला संगीत शिकवण्यासाठी तिचे ट्रॅक वापरायचं कलम कुठे दडलंय का. चांगल्या लायब्ऱ्याही कॉपीराइट कायमचा मागतात, ते इथे रूढ आहे. त्यावर अडून बसायचं की नाही हे ट्रॅक बघून ठरवू. वाट्यावर मात्र अडायचंच.

रविवारी तुमच्याकडे दुपारचे तीन वाजले की तिला फोन करायला सांग. आठव्या कलमाचं उत्तर आम्ही दोघी मिळून लिहू, सभ्य भाषेत. त्यांनी वाटा सोडला तर सही करू दे, नाही सोडला तर तिचे ट्रॅक मी इथे कुणाला ऐकवायचे ते माझ्या मनात आहे. हलगीवाल्या काकांचं रेकॉर्डिंग मात्र पावसाआधी उरकायला सांग, हलगीचं कातडं ओलं झालं की आवाज बसतो.

आईला साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, चिमीला आशीर्वाद.

तुझी,
छोटी