किनाऱ्यावरचा समुद्री साप शिकारीला आलेला नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात वाळूवर पडलेल्या समुद्री सापाचं छायाचित्र होतं आणि खाली ओळ होती, ‘सावजाच्या शोधात किनाऱ्यावर’. ती वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

बहुतेक समुद्री सापांना जमिनीवर धड सरपटताही येत नाही. जमिनीवरच्या सापाच्या पोटाला पकड घेणारे रुंद खवले असतात, ते यांच्यात फार लहान झालेले असतात. शेपूट वल्ह्यासारखी चपटी. अंडी घालायला आणि विसाव्याला किनाऱ्यावर येणारा एक पट्टेरी गट आहे, पण तोही शिकार समुद्रातच करतो. बाकीचे वाळूवर दिसले, तर ते लाटांनी फेकलेले, थकलेले किंवा आजारी असतात.

त्यांची खरी शिकार पाहण्यासारखी असते. काही जातींचं डोकं आणि मान इतकी बारीक, की मागचं जाड शरीर दुसऱ्याच सापाचं वाटावं. ही मान वाम माशांच्या बिळात सहज शिरते. काही जाती प्रवाळातल्या फटी एकेक करून चाचपत जातात. पिवळ्या पोटाचा साप मात्र खुल्या समुद्रात राहतो. प्रवाह जिथे मिळतात तिथे पाण्यावर फेस आणि काडीकचऱ्याचे पट्टे तयार होतात, त्यात हा लाकडासारखा निश्चल तरंगतो. लहान मासे आसऱ्याला त्याच्याखाली जमतात. मग तो हळूच उलटा, शेपटीच्या दिशेने पोहू लागतो, शेपटीकडचे मासे तोंडापाशी येतात आणि क्षणात तो मान वळवून बाजूचा मासा टिपतो. मला तरी यापेक्षा संयमी शिकारी ठाऊक नाही.

विष इतकं जहाल का, तेही इथेच कळतं. चावा बसलेला मासा निसटला, तर त्या अथांग पाण्यात पुन्हा सापडणार कुठे? त्याला जागीच लुळं पाडावं लागतं. माशांच्या अंड्यांवरच जगणाऱ्या कासवतोंड्या सापाचं विष मात्र जवळजवळ निकामी झालेलं आहे.

श्वासासाठी या सगळ्यांना वर यावंच लागतं. फुप्फुस जवळजवळ अंगभर लांब असतं आणि काही प्राणवायू त्वचेतूनही मिळतो, त्यामुळे ते बराच वेळ खाली राहू शकतात. ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रात 245 मीटर खोलीवर समुद्री साप चित्रित झाल्याची नोंद 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. पण ट्रॉलरच्या जाळ्यात अडकला, की वर येता येत नाही आणि तो गुदमरून मरतो. जो जिवंत वर येतो, तो मासळी निवडणाऱ्या हातांना चावतो. माणसाला होणारे बहुतेक दंश असेच, जाळं हाताळताना होतात. दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून तो अंगावर काढला जातो. काही तासांनी स्नायू आखडतात, लघवी गडद होते. तोवर न थांबता दंश झालेला अवयव न हलवता रुग्णालय गाठावं आणि साप समुद्री होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

त्या छायाचित्राखालची ओळ कृपया दुरुस्त करावी. ती वाचून कोणीतरी काठी घेऊन वाळूवरच्या पुढच्या सापाकडे धावेल, ही भीती मला स्वस्थ बसू देत नाही.

आपला,
एक नियमित वाचक