बाटली तीच, आतलं क्रीम बदललेलं

जुळे सोलापूर, सोलापूर
दिनांक: २६ मे २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी यांस

विषय: कुरळ्या केसांच्या लीव्ह-इन क्रीममधले घटक ग्राहकांना न कळवता बदलल्याबद्दल व त्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल तक्रार.

संदर्भ: माझा २१ एप्रिलचा ई-मेल आणि त्यावर २८ एप्रिलला आलेलं तुमचं उत्तर.

महोदय / महोदया,

तुमचं कुरळ्या केसांचं लीव्ह-इन क्रीम, म्हणजे धुऊन न टाकता केसांत तसंच ठेवायचं क्रीम, मी डिसेंबर २०२३ पासून वापरते आहे. पाच बाटल्या संपवल्या, एकदाही तक्रार केली नाही. उलट कामावरच्या तिघींना आणि माझ्या नणंदेला मीच ते घ्यायला लावलं. ७ एप्रिलला तुमच्याच वेबसाइटवरून दोन बाटल्यांच्या ऑफरमध्ये १,१९८ रुपयांना सहावी आणि सातवी बाटली मागवली. बाटली तीच, झाकण तेच, पुढचं लेबल अक्षरन् अक्षर तेच. आतलं क्रीम मात्र वेगळं निघालं, आणि ते बदललंय हे तुम्ही कुठेही सांगितलेलं नाही. तक्रार एवढीच आहे. पण तुमच्या उत्तरावरून ती तुमच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे केस घट्ट कुरळे आहेत. शाळेत असताना आई खोबरेल तेल थापून दोन वेण्या आवळून घालायची, कारण मोकळे सोडले की ते आवरायचेच नाहीत. मोठी झाल्यावर ज्या ज्या पार्लरमध्ये गेले तिथे पहिला प्रश्न ठरलेला, स्मूदनिंग करून केस सरळ करून टाकू का? कुरळ्या केसांना काही वेगळं लागतं हे मला तिशी उलटल्यावर कळलं. सरळ केसांत टाळूचं तेल खाली उतरत जातं, कुरळ्या केसांत ते वळणावळणाला अडतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला काथ्या, अशी आमची गत असते. धुतल्यावर ओल्या केसांना काहीतरी लावून ठेवावंच लागतं, नाहीतर दुपारपर्यंत सगळं डोकं फुलारतं.

त्यात आमचं सोलापूर. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, हवेत ओल म्हणून नसते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधल्या दिवसांत बोअरचं वापरायचं. ते इतकं क्षाराचं, की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि गीझरची कॉइल खराब होते. त्या पाण्याने केस धुतले की हात फिरवताना करकर लागतात. म्हणून आमच्या घरी केस धुवायचा वार ठरलेला नसतो, नळाला पाणी येईल तो दिवस. टॉवेलच्या गावात राहून मी केसांना टॉवेल लावत नाही, कारण टॉवेलच्या टेरी कापडावरच्या धाग्यांच्या फाशांत कुरळे केस अडकून ओढले जातात. वडिलांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा त्यासाठी ठेवला आहे. हे सगळं सांगायचं कारण, या डोक्याला काय सोसतं ते शोधायला किती वेळ आणि पैसा जातो याची तुम्हाला कल्पना यावी.

केसांचं काय होतंय ते बाहेरून तरी दिसतं. कातडीचं तसं नसतं. २०२२ मध्ये हँडवॉश बदलला आणि बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या, पाणी सुटायला लागलं. चार महिने मलमं लावून झाल्यावर त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट करायला लावली. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक चकतीत वेगळं द्रव्य, दोन दिवस पाठीला पाणी लागू द्यायचं नाही. दोन दिवसांनी पट्ट्या काढून पाहिलं, चौथ्या दिवशी पुन्हा पाहिलं. एका चकतीखाली लाल, फोडांचा गोल उठला होता. मिथाइलआयसोथायाझोलिनोन. क्रीम-शॅम्पू टिकावेत म्हणून घालायचं द्रव्य. डॉक्टरांनी ते नाव कागदावर लिहून दिलं आणि सांगितलं, हे आयुष्यभर टाळायचं. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक बाटलीमागची यादी वाचते, आणि शेवटून वाचते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक यादीत उतरत्या क्रमाने येतात, त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कसेही लिहिले तरी चालतात. टिकवणारी द्रव्यं अगदी थोडी घालतात, म्हणून ती शेपटाकडे सापडतात. वाचता वाचता बाकीचंही कळत गेलं. पुढे मोठ्या अक्षरांत ‘सल्फेट फ्री’ आणि मागे ओलेफिन सल्फोनेट: नावाने सल्फेट नाही, पण केसांतलं उरलंसुरलं तेल खेचून काढायला तेही कमी नाही. पुढे ‘सिलिकॉन फ्री’, मागे डायमेथिकोनॉल, म्हणजे सिलिकॉनच. ‘परफ्यूम’ या एका शब्दाच्या आड तर काय काय असतं ते बाहेरच्या माणसाला कळायला मार्गच नाही. नवी पेठेतल्या दुकानदाराने मला एकदा विचारलं, ताई, घ्यायचंय की नुसतं वाचायचंय? पण न वाचता घेऊन मला चालत नाही.

पंधरा महिने असे गेले. काही केसांना चाललं ते कातडीला चाललं नाही, कातडीला चाललं त्याने केसांना काही फरक पडला नाही. मधल्या काळात मी घरी जवसाचं जेल करायची. जवस पाण्यात उकळायचं, गरम असतानाच ओढणीतून गाळायचं, कारण गार झालं की ते कापडातून उतरतच नाही. केसांना ते फार छान, पण फ्रिजमध्ये आठवडाभराच्या वर टिकत नाही आणि सकाळी आठची शिफ्ट गाठणाऱ्या बाईला दर वेळी ते जमत नाही. मग तुमचं क्रीम मिळालं. यादी शेवटून वाचली, ते नाव नव्हतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठ दिवस सकाळ-संध्याकाळ लावून पाहिलं आणि मगच केसांना लावलं. त्या दिवशी कुरळ्या बटा सुट्ट्या, मऊ, जागच्या जागी वाळल्या. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे केस माझ्यासारखेच आहेत. तिचं विंचरताना रडणं या क्रीममुळे थांबलं. तुमच्या मालाबद्दल माझ्या मनात आकस नाही, हे तुम्हाला यावरून कळेल.

आता एप्रिलचं. १३ तारखेला नळाला पाणी आलं, केस धुतले, नव्या बाटलीतलं क्रीम लावलं. वास किंचित वेगळा वाटला. उन्हाने झालं असेल म्हणून सोडून दिलं. १५ तारखेला कानामागे आणि मानेवर खाज सुटली. घामोळं असेल असं वाटलं. १७ तारखेला पुन्हा धुऊन पुन्हा लावलं. १९ तारखेला सकाळी उठले तर डावा डोळा उघडेना. दोन्ही पापण्या सुजल्या होत्या, कपाळाच्या कडेने केसांच्या रेषेत लाल पुरळ, मानेवर हात लावला तर आग. मुलगी मला बघून घाबरली. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, केसांना नवीन काय लावलं? मी ठामपणे सांगितलं, नवीन काहीच नाही, तेच क्रीम आहे. डॉक्टर म्हणाले, बाटली पुन्हा बघा.

घरी येऊन बाटली पाहिली. मागे किमतीचं स्टिकर होतं आणि ते बरोबर घटकांच्या यादीच्या खालच्या अर्ध्या भागावर चिकटवलेलं. मोबाइलवर तुमच्या वेबसाइटवरची यादी काढली, तीत ते नाव नव्हतं. मग कोमट पाण्यात फडकं बुडवून स्टिकरवर दहा मिनिटं धरलं आणि नखाने कडेपासून हळूहळू सोललं. खालून दुसऱ्या ओळीत ते नाव निघालं. पर्समधला कागद काढून अक्षर अक्षर जुळवून पाहिलं. सुजलेल्या डोळ्यांनी ते वाचताना मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. जुनी, पाचवी बाटली मुलीच्या कंगव्यांजवळ होती, तिच्यामागची यादी पाहिली, तिच्यात ते नव्हतं. दोन्ही बाटल्यांचे आणि वेबसाइटच्या पानाचे फोटो २१ एप्रिलच्या ई-मेलला जोडले आहेत, बॅच नंबरसकट.

आता तुमच्या उत्तराबद्दल. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं आहे. मला सात दिवसांनी चार ओळी आल्या: उत्पादन डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड आहे, वापरण्यापूर्वी पॅच टेस्ट करावी असं लेबलवर छापलेलं आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट.

पॅच टेस्ट मी केली होती, पहिल्या बाटलीच्या वेळी, आठ दिवस. त्याच क्रीमच्या सहाव्या बाटलीची पॅच टेस्ट कोण करतं? तुम्ही पुढे ‘नवीन फॉर्म्युला’ एवढे दोन शब्द छापले असते तर मी केली असती. त्याही आधी मागची यादी वाचून बाटली परत केली असती. ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ म्हणजे कुठल्यातरी त्वचातज्ज्ञाच्या देखरेखीखाली कुणावर तरी चाचणी झाली. किती जणांवर, किती दिवस, निकाल काय, यातलं काहीच त्या शब्दांतून कळत नाही. आणि ही चाचणी जुन्या फॉर्म्युल्याची की नव्याची, तेही तुम्ही सांगितलेलं नाही. ते मला लेखी हवं आहे.

हे द्रव्य म्हणजे माझी एकटीची नाजूक कातडी, असंही समजू नका. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने याला ‘वर्षाचा अॅलर्जीकारक’ ठरवलं होतं. युरोपीय संघात केसांना किंवा अंगाला लावून तसंच ठेवायच्या उत्पादनांत ते २०१७ पासून चालत नाही, धुऊन टाकायच्या उत्पादनांतही फार थोडं चालतं. तुमचं क्रीम लावून ठेवायचं आहे. दोन दोन दिवस ते कानाला, मानेला, उशीवरून पापण्यांना लागत राहतं. ज्या बाटलीवर तुम्ही ‘संवेदनशील त्वचेसाठी’ असं छापता, तिच्यात हे कुणी आणि का घातलं?

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. आमच्याकडे सुताचा लॉट बदलला की त्याची नोंद होते. रंगाचं केमिकल बदलायचं असेल तर आधी नमुना जातो, खरेदीदाराची मान्यता येते, तोपर्यंत माल पॅक होत नाही. न विचारता बदललेला माल गेला तर पूर्ण कंटेनर परत येऊ शकतो, हे आमच्या हेल्परलाही माहीत असतं. टॉवेल तर अंग पुसून बाजूला ठेवायचा असतो. तुमची वस्तू अंगात मुरते.

घटक बदलायला माझी हरकत नाही. कच्चा माल मिळत नसेल, महाग झाला असेल, क्रीम लवकर खराब होत असेल, कारणं असतील. पण माझ्यासारख्या ग्राहकासाठी ती यादी हीच वस्तू असते. सुवास, बाटली, जाहिरातीतली मुलगी यांच्याकडे बघून मी पैसे दिलेले नाहीत. यादी बदलली म्हणजे तुम्ही मला दुसरीच वस्तू विकली, जुन्या नावाने.

माझं म्हणणं असं आहे. दोन्ही बाटल्यांचे १,१९८ रुपये, डॉक्टरांच्या दोन भेटींचे १,००० आणि औषधांचे ८६०, असे ३,०५८ रुपये परत करा. पावत्या सोबत आहेत. दोन दिवसांची रजा बिनपगारी गेली, ती मी धरलेली नाही. दहा टक्क्यांची सूट मला नको. पण पैशापेक्षा मला पुढच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. वेबसाइटवरची यादी आजच्या आज दुरुस्त करा. हे पत्र लिहायला बसण्याआधी मी पुन्हा पाहिलं, पाच आठवड्यांनंतरही तिथे जुनीच आहे. या बॅचच्या बाटल्या ज्यांना ज्यांना पाठवल्या त्यांचे ई-मेल आणि फोन नंबर तुमच्याकडे आहेत, त्यांना सरळ कळवा की घटक बदलले आहेत. पुढच्या मालावर दर्शनी बाजूला ‘घटक बदलले आहेत’ असं वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापा. किमतीचं स्टिकर यादीवर लावू नका. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे घटक लेबलवर छापायचे असतात, ते वाचता यावेत म्हणूनच ना? जुना फॉर्म्युला बंदच केला असेल तर तेही स्पष्ट सांगा, म्हणजे माझी आणि मुलीची वाट पाहणं संपेल. तिला काही झालेलं नाही, पण त्या बाटलीला हात लावू द्यायला आता माझं मन होत नाही. ती रोज विचारते, आपलं क्रीम कधी येणार?

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, ही चौकशी मी करून ठेवली आहे.

वापरलेली बाटली, न उघडलेली बाटली, सोललेलं स्टिकर आणि जुन्या बॅचची रिकामी बाटली माझ्याकडे आहे. तपासायची असेल तर तुमचा माणूस पाठवा, रीतसर पोच घेऊन मी न उघडलेली बाटली त्याच्या हाती देईन. बाकीच्या तीन वस्तू मी देणार नाही.

आपली,
(सही)

सोबत: खरेदीची पावती, डॉक्टरांची चिठ्ठी व औषधांच्या पावत्या, २०२२ च्या पॅच टेस्टच्या अहवालाची प्रत, दोन्ही बाटल्यांचे फोटो.