जे दवाखान्यात येत नाहीत

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

परवा युगांडातून फोनवर, ब्विंडीच्या जंगलातून बाहेर काढलेल्या बात्वा आदिवासींबद्दल तू म्हणालीस, "आई, इथल्या रुग्णालयात सगळं आहे, तरी बात्वा बाया येत नाहीत. बाळंतपणासाठी आधीच येऊन राहायची सोय आहे, तरी घरीच बाळंत होतात." तुझा आवाज दमलेला वाटला. मग रेंज गेली आणि माझं बोलायचं राहून गेलं. म्हणून लिहिते आहे.

मी गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यातल्या उपकेंद्रात नर्सबाई म्हणून रुजू झाले, तेव्हा माडिया आदिवासी बायांबद्दल हेच वाक्य दर मीटिंगला ऐकू यायचं. 'येत नाहीत.' एवढं बोलून लोक चहा प्यायला उठायचे. तू उठू नकोस. बाई निघाली तर मागची लेकरं कोण सांभाळतं, तिच्याबरोबर आलेल्या सासूला रात्री पाठ टेकायला जागा आहे का, तिला कोणी दरडावतं का, हे एकेकीच्या घरी जाऊन विचार. आणि बाकावर ती बसली की शेजारची बाई सरकून बसते का, हे सगळ्यात आधी बघ. तूच लिहिलं होतंस की तिकडचे कितीतरी लोक बात्वांच्या भांड्यातलं पाणीसुद्धा पीत नाहीत. ज्या माणसाला आयुष्यभर असं वागवलं गेलं, तो अंगात ताप असताना पुन्हा तेच सोसायला रांगेत का उभा राहील? तिथं निदान बात्वांची आणि शेजाऱ्यांची भाषा तरी एकच आहे, रुकिगा. आमच्याकडे बाईचं माडिया कळणारं माणूस नसेल, तर तिचं दुखणं हातवाऱ्यांवर चालायचं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत आपल्या 'सर्च' या संस्थेचा दवाखाना उभारताना आधी लोकांनाच विचारलं, दवाखाना कसा हवा. मोठी इमारत लोकांना नको होती. नातेवाइकांसकट राहता येईल अशा झोपड्या हव्या होत्या, आपल्या गावासारख्या. दवाखान्याला नावही देवीचं मिळालं, माँ दंतेश्वरीचं. मी तो पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा असं वाटलं की इथं रोगी पाहुण्यासारखा येतो.

तुझ्या ब्विंडीबद्दल मी जमेल तेवढं वाचते आहे. 1991 मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं आणि बात्वांना बाहेर काढलं. गोरिला वाचायला हवेत, यात मला शंका नाही. पण त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या मध, कंद आणि शिकारीवर जगलेल्या माणसांनी तिथं शेत केलेलं नव्हतं, म्हणून त्यांचा हक्क कागदावर दिसेना. ज्यांनी झाडं तोडून वावर केलं त्यांचा ताबा दिसतो आणि ज्यांनी जंगल जसंच्या तसं ठेवलं त्यांचा दिसत नाही, हा कुठला न्याय? आपल्याकडे 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला, तेव्हा कुठं 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. युगांडाच्या संविधान न्यायालयाने 2021 मध्ये बात्वांच्या बाजूने निकाल दिला, हे वाचून मी तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. जमीन मात्र निकालाच्या मागोमाग येत नाही, हे आम्हाला इथं चांगलं ठाऊक आहे.

तू म्हणशील, मी डॉक्टर, मला जमिनीशी काय करायचं. तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला 2006 चा आफ्रिकेतल्या आदिवासींच्या आरोग्यावरचा लेख काढून वाच. त्यात तुझ्याच बात्वांचे आकडे आहेत. ज्या घरांना जमीन नव्हती त्यांच्यात पाच वर्षांच्या आतली 59 टक्के मुलं दगावत होती. ज्यांना जमीन मिळाली त्यांच्यात 18. अनघा, ते वाचून मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या. एवढा फरक पाडणारी एकही गोळी माझ्या हयातीत कुणी माझ्या हातात ठेवलेली नाही. 18 हा आकडासुद्धा भयंकरच आहे, पण त्या दोन आकड्यांमध्ये किती लेकरं जगली! म्हणून केसपेपरवर जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण लिहिशील तेव्हा त्या घराकडे जमीन किती आहे, पाणी कुठून आणतात, घरातली माणसं मजुरी कोणाकडे करतात, हेही लिही. रकाना नसेल तर समासात लिही. पुढे कुणीतरी ते मोजेल, आणि कोर्टात कुणीतरी वाचेल.

तुमच्याकडच्या डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांच्याबद्दल वाचलं. जनावरांच्या डॉक्टर. 1996 मध्ये ब्विंडीच्या गोरिलांना खरूज झाली, एक पिल्लू गेलं, आणि ती खरूज आली होती माणसांच्या कपड्यांवरून. तेव्हा त्यांनी ओळखलं की जंगलाकाठच्या वस्तीत साबण, पाणी आणि औषध पोचल्याशिवाय गोरिलाही वाचणार नाहीत, आणि 2003 मध्ये दोन्हींसाठी मिळून संस्था काढली. मला ही बाई फार आवडली. पण एक सांगू? बात्वांच्या लेकरांची खरूज नुसत्या त्यांच्यासाठीही बरी व्हायला हवी, मग जंगलात गोरिला असोत की नसोत. ती तशी बरी करायला तू तिथं आहेस.

तिथला दवाखाना झाडाखाली सुरू झाला, हे तू पहिल्याच पत्रात कौतुकाने लिहिलं होतंस. डॉ. स्कॉट केलरमन नावाचे अमेरिकन डॉक्टर पत्नी कॅरलसह वस्त्यावस्त्यांवर जायचे, झाडाच्या सावलीत तपासायचे, आणि 2003 मध्ये त्यातूनच तुझं बुहोमाचं रुग्णालय उभं राहिलं. आज तिथं खाटा आहेत, शस्त्रक्रिया होते, 2010 पासून विमा योजना आहे. हे सगळं हवंच. मला वाटतं, तुझ्यासारख्या तरण्या डॉक्टरने आठवड्यातला एक दिवस तरी पुन्हा झाडाखाली जावं. ओपीडीत आलेले रोगी मोजून आपलं काम किती झालं ते कळतं. न आलेले किती, ते वस्तीवर गेल्याशिवाय कळत नाही. चढावर दम लागेल, लागू दे.

आणि तिथं गेलीस की एखादी हुशार बाई शोध, जिच्याकडे रात्री-अपरात्री बाकीच्या जातात. अशी बाई प्रत्येक वस्तीत असतेच. 'सर्च'ने गावातल्या अशाच बाया निवडून त्यांना आरोग्यदूत केलं. नवजात बाळाचे श्वास मोजायला त्यांनी मण्यांचा श्वासमापक बनवला, म्हणजे मोठे आकडे न येणाऱ्या बाईलाही न्यूमोनिया ओळखता यावा. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला या बाया घरीच इंजेक्शन द्यायला लागल्या. शिकलेली माणसं तेव्हा केवढी हादरली होती! 1999 मध्ये ते निष्कर्ष लॅन्सेटमध्ये छापून आले: नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. मी स्वतः त्या बायांना बाळ कांगारूसारखं छातीशी धरून ऊब देताना पाहिलं आहे, आणि नर्सिंगच्या शाळेत मला कुणी शिकवलं नव्हतं इतकं त्यांच्याकडून शिकले आहे.

तू दोन वर्षांनी परत येशील. तुझ्या जागी दुसरी कुणी येईल, तिला पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणून तू किती रोगी तपासलेस, यापेक्षा मला उत्सुकता आहे ती तू कुणाला काय शिकवलंस याची. रुग्णालयाला जोडून नर्सिंगची शाळा 2013 पासून आहे, असं तू सांगितलंस. त्यात बात्वा मुली किती आहेत? वस्तीतल्या पोरीच्या हातात स्टेथोस्कोप असेल, तर बाकावरची बाई सरकून बसायला थोडी तरी कचरेल.

तर आता काम सांगते. दहावी-बारावीपर्यंत पोचलेली आणि नर्स व्हायची इच्छा असलेली एखादी बात्वा मुलगी शोध. तिच्या आईबापांशी नीट बोल, घाई करू नकोस. पोरगी शाळेत गेली की घरची मजुरी बुडते, तेही धरून हिशोब कर. शाळेची वर्षाची फी, राहण्याचा-जेवणाचा खर्च, पुस्तकं, सगळं विचारून मला कळव. बाबांशी बोलून झालं आहे. माझ्या पेन्शनमधून आपण ते निभावू शकतो, आणि अर्ध्यात सोडायची वेळ येणार नाही एवढं मी बघून ठेवलं आहे. पैसे तुझ्या खात्यात पाठवायचे की थेट शाळेच्या, तेही लिही.

मच्छरदाणीत झोप.

तुझी,
आई