मशीद, पार्किंग आणि आपली माणसं

प्रिय सुध्या,

वर्षभर पत्र नाही, रागावला असशील. रागाव, पण आधी ऐक. तब्येती ठीक, माझी शुगर जिथल्या तिथे.

आमच्या कोपऱ्यावरचा जुना बंगला काही मुस्लिम कुटुंबांनी मिळून घेतलाय. तिथे मशीद बांधायचा अर्ज टाउनशिपकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, आलाय. आणि विरोधाचं पत्र लिहिलंय कोणी? आपल्याच मराठी माणसांनी! धर्माचं नाव नाही हं त्यात. ट्रॅफिक, पार्किंग, ड्रेनेज. सुनंदाकाकूंना ड्रेनेजची चिंता! गणपतीत हीच मंडळी लोकांच्या लॉनवर गाड्या चढवतात.

न्यू जर्सीतल्याच बास्किंग रिजला हेच झालं. २०१२ साली अर्ज, ३९ सुनावण्या, २०१५ संपताना नकार. चर्चला तीन माणसांमागे एक गाडी हा नियम, मशिदीकडे मात्र ५० च्या जागी १०७ गाड्यांची सोय मागितली. अर्ज करणाऱ्यांचे पुढारी कोण, तर त्याच टाउनशिपचे माजी महापौर! कोर्टाने कान उपटले, २०१७ मध्ये साडेबत्तीस लाख डॉलरवर मिटलं. तिथल्याच ब्रिजवॉटर टाउनशिपने तर २०११ मध्ये मशिदीचा अर्ज आल्यावर प्रार्थनास्थळं कुठे बांधायची हा नियमच बदलला, तेही महागात पडलं. आपलं बालाजी मंदिर त्याच ब्रिजवॉटरमध्ये आहे, पण हे काकूंना कोण सांगणार?

तू आता म्हणशील, ‘बागेच्या प्लॉटवरच्या मंदिराला मी विरोध केला तेव्हा तूच मला घरभेदी म्हणालास.’ म्हणालो होतो. त्या सभेत तू माइक हिसकावायची गरज नव्हती, हे आजही म्हणतो. शिवाय तो प्लॉट पोरांच्या खेळायचा होता, ही जागा त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलीय. उगाच नाचू नकोस.

मंगळवारी सुनावणी आहे. शपथ घेऊन बोलावं लागतं. नीता म्हणते, गप्प बस, दिवाळीच्या नाटकात तुझं काम आहे. पत्रावर मी सही केली नाही, पण खाली ‘समस्त रहिवासी’ लिहिलंय, म्हणजे त्यात मी आलोच की! उठून बोललो तर मंडळात जेवायला शेजारी कोण बसणार, हाच हिशेब रात्रभर चालतो. हसू नकोस. त्या सभेनंतर जोश्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, ते किती दिवस टोचलं रे? खरं सांग, तत्त्वज्ञान नको.

ऋताची ॲडमिशन झाली? गच्ची गळायची थांबली का? वहिनींना नमस्कार.

मंगळवारच्या आत फोन कर. व्हॉट्सॲपवर लिहू नकोस, नीता वाचते.

तुझा,
अवि