पन्नास अधिक वीस म्हणजे सत्तर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सेलच्या खरेदीवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, छपाईची चूक असेल. पण नाही, चौकटीत ठळक अक्षरांत परत तेच आहे: 'पन्नास अधिक वीस टक्के सूट, म्हणजे ₹4,000 ची साडी ₹1,200 ला.' चौकट आखणाऱ्याने तरी हिशेब एकदा करून बघायचा होता.

₹4,000 चे निम्मे झाले ₹2,000. वीस टक्के सुटतात ते या ₹2,000 वर, म्हणजे ₹400. मोजायचे ₹1,600. सूट झाली साठ टक्के, सत्तर नव्हे. इंदूरच्या सीतलामाता बाजारातल्या कुठल्याही गादीवरच्या मुनीमजींना विचारलं असतं तर त्यांनी वर न बघता सांगितलं असतं. सुटलं किती ते मोजूच नये, उरलं किती ते धरावं. शंभरातले पन्नास उरले, त्याचे ऐंशी टक्के चाळीस. रुपयाला चाळीस पैसे मोजायचे, विषय संपला. दुकानदार यात खोटं बोलत नाही, तो पाटीवर नुसतं अधिकचं चिन्ह काढतो. बेरीज गिऱ्हाईक करतं. यावेळी आपण करून दिलीत.

'दोन घ्या, एक फुकट' या योजनेला तर लेखात 'सरळ तेहतीस टक्के फायदा' म्हटलंय. तिन्ही नग एकाच किमतीचे असतील तर. फुकट जातो तो सगळ्यांत स्वस्त नग. ₹1,899, ₹1,499 आणि ₹999 चे तीन कुर्ते घेतले तर ₹4,397 च्या जागी ₹3,398 द्यावे लागतात, म्हणजे सूट तेवीस टक्केसुद्धा नाही. आणि खरी मेख परत करताना कळते. बिल बारकाईने बघा, बहुतेक ठिकाणी ती सूट तिन्ही कुर्त्यांवर वाटून टाकलेली असते. ₹1,899 चा कुर्ता घट्ट झाला म्हणून परत न्यावा तर हातात सुमारे ₹1,468 येतात. काही ठिकाणी तिन्ही परत आणा म्हणतात. म्हणून फुकटातला नग आपल्या मापाचा नसेल तर ती योजना घेऊच नये. शेजारणीसोबत वाटून घेणार असाल तर कोणी किती द्यायचे हे दुकानातच ठरवा, घरी येऊन ठरत नाही.

आता छापील किमतीबद्दल. लेखाने 'एमआरपी बघून खरेदी करा' एवढ्यावर आटोपलंय. कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, हे खरं. पण ती मुळात किती छापायची, ते कंपनी ठरवते. तेव्हा त्या आकड्यावरची सूट म्हणजे कंपनीच्या मर्जीवरची सूट. त्यापेक्षा टॅग हातात घ्यावा. वर चिकटवलेली चिठ्ठी असेल तर नखाने कोपरा उचलून खाली काय आहे ते बघावं. किंमत कमी करायला चिठ्ठी लावता येते, पण मूळ छापील आकडा झाकायला परवानगी नाही. वाढवायला तर मुळीच नाही. टॅगवर महिना आणि वर्ष असेल तर तेही वाचावं. 'सीझनचा उरलेला माल' म्हणून ढीग लावलाय आणि शिलाई गेल्या महिन्यातली, तर तो माल उरलेला नाही, सेलसाठीच काढलेला आहे. त्याचं कापड पुष्कळदा विरळ असतं, शिवणीत दाब अर्धा सेंटिमीटरसुद्धा सोडलेला नसतो, उसवून सैल करायला जागाच नाही. आतून उलटं करून बघितलं की लगेच दिसतं.

कर वेगळा लावण्याची युक्ती अजून चालूच आहे, तिचा लेखात एक शब्दही नाही. कमाल किमतीत सगळे कर आलेले असतात. ₹2,999 चा शर्ट चाळीस टक्के सुटीने ₹1,799.40 ला, तर तेवढेच द्यायचे, कर त्याच्याच पोटात. 22 सप्टेंबर 2025 पासून ₹2,500 पर्यंतच्या कपड्याला 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्याला 18, आणि हा कर सूट वजा जाता उरलेल्या किमतीवर ठरतो. कराआधीची किंमत ₹1,713.71, कर ₹85.69, असा बिलात फोड करून दिसतो. पाटीवर फक्त 'चाळीस टक्के सूट' लिहायचं आणि काउंटरवर आणखी 5 टक्के चढवून ₹1,889 मागायचे, याला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने अनुचित व्यापार ठरवून कितीतरी दिवस झाले. बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर असतो, आपल्या मध्य प्रदेशातल्या दुकानाचा 23 ने सुरू होतो. नंबर नसलेल्या कच्च्या चिठ्ठीवर कोणी कर लावत असेल तर तो कर सरकारकडे जात नाही, एवढं उघड आहे.

सगळ्यांत खटकलं ते महेश्वरी साडीबद्दलचं वाक्य. 'सेलमध्ये हातमागाची महेश्वरी ₹900 ला मिळते, संधी सोडू नका.' अहो, महेश्वर इथून दोन-अडीच तासांवर आहे. एखादा माग बघून आला असतात तर हे छापलं नसतं. तिथे एका साडीला विणकराचे कित्येक दिवस जातात. उभं रेशीम, आडवं सूत आणि मजुरी धरली की ₹900 त पैसे घालणाऱ्याचेही हाल आणि विणणाऱ्याचेही. ₹900 ला मिळते ती यंत्रमागावरची नक्कल. ती घ्यायला हरकत नाही, नेसायला बरी असते, पण महेश्वरी म्हणून घेऊ नये. ओळखायचं कसं? काठ उलटून बघा. अस्सल महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, उलटी नेसली तरी चालते. नकलेत काठाच्या मागे सुटे, लोंबते किंवा कातरलेले धागे असतात, बोट फिरवलं की खरखर लागते. तरी शंका असेल तर विकत घेतल्यावर पदराच्या टोकाचा एक धागा काढून पेटवून बघावा. सूत कागदासारखं जळून राख होतं. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर त्याच दिवशी बिल घेऊन दुकानात.

इथेच लेखातली दुसरी गंभीर चूक. 'कायद्याने तीस दिवसांत कोणतीही वस्तू परत करता येते.' कुठल्या कायद्याने? 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष मालाबद्दल बोलतो, आणि तोही बिलावर लिहिलेल्या मुदतीत. बिलावर मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवस. रंग आवडला नाही, नणंदेने नाक मुरडलं, याला दुकानदार बांधील नाही, त्याने बदलून दिलं तर तो त्याचा चांगुलपणा. उलट 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही, हे सांगायला हवं होतं, ते राहिलं. दाद लागली नाही तर 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा आयोगात ₹5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही.

जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल एकच. बिनव्याजी हप्त्याला 'पूर्ण मोफत' म्हटलंय. ₹24,000 चा फ्रिज क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत, वर्षाला 16 टक्क्यांनी: व्याजाची सूट आधी देतात आणि नंतर सुमारे ₹1,080 व्याज लावतात, इथपर्यंत फिट्टंफाट. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी सुटत नाही, ते झाले ₹195. वर ₹199 प्रक्रिया शुल्क, त्यावरही जीएसटी. एकूण ₹430 च्या आसपास. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट पुष्कळदा हातची जाते, ती वेगळी.

जाता जाता. हा लेख ज्या पानावर होता, त्याच्या समोरच्या पूर्ण पानावर सेलची जाहिरात होती. खाली 'अटी लागू' अशा अक्षरात की भिंग लागावं. त्या जाहिरातीला जागा करण्यासाठी शब्दकोडं काढलंत. काढायचं तर काढा, पण मागच्या रविवारच्या कोड्याची उत्तरंही त्यासोबत गेली. आमच्याकडे आडवा 14 अजून अडलेला आहे. उद्याच्या अंकात साडीच्या हिशेबाची दुरुस्ती द्याल तेव्हा शेजारी तेवढी उत्तरं द्यावीत.

आपला,
एक नियमित वाचक
(क्लॉथ मार्केटमध्ये पावत्या फाडलेला)
लोकमान्य नगर, इंदूर